घरचा स्टोरेज सर्व्हर: डिस्क बंद पडेल त्या दिवसापासून उलटं चला

प्रश्न असा आहे. नागपुरातलं एक कुटुंब. मोबाइल आणि कॅमेऱ्याचे फोटो-व्हिडिओ मिळून साधारण ३ टीबी डेटा, तोही चार एक्स्टर्नल डिस्कवर विखुरलेला. गूगलची १५ जीबी जागा केव्हाच भरली. हाताशी ऑफिसचा जुना डेस्कटॉप आहे: सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. त्यात ४ टीबीच्या चार डिस्क घालून रेड-५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी जोडणी) करावं का? सर्व्हरचं सॉफ्टवेअर ट्रूनॅस, अनरेड की ओपनमीडियाव्हॉल्ट? ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम नसताना झेडएफएस ही फाइल सिस्टम चालेल का? आणि अमरावतीच्या आईवडिलांना फोटो कसे दिसतील?

उत्तर आधी देतो. ८ टीबीच्या दोन डिस्क घ्या आणि झेडएफएसचा मिरर करा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. तेवढीच तिसरी डिस्क बॅकअपसाठी घेऊन अमरावतीला ठेवा. रॅम १६ जीबी करा, सॉफ्टवेअर ट्रूनॅस. यूपीएस आल्याशिवाय मशीनवर एकही फोटो टाकू नका. आता कारणं.

सॉफ्टवेअरच्या नावांपासून सुरुवात केली की माणूस महिनाभर व्हिडिओ बघत बसतो आणि निर्णय होत नाही. त्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी एखाद्या रात्री डिस्क मान टाकेल, त्या दिवसापासून सुरुवात करा. कुठली डिस्क गेली हे मशीन मला कसं कळवेल? नवी डिस्क घातल्यावर सगळं जागेवर यायला किती तास लागतील, आणि तेवढ्यात दुसरी गेली तर हातात काय राहील? मदरबोर्डच जळाला तर डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावल्या की डेटा वाचता येईल का? मी गावाला असेन तर घरातल्या दुसऱ्या कुणाला यातलं काही जमेल का? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की डिस्क किती, कशा जोडायच्या आणि कुठलं सॉफ्टवेअर हे जवळपास आपोआप ठरतं.

आधी रेड-५ पाहू. रेडची कल्पना बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात मांडली तेव्हा त्यांच्या समोरची स्वस्त डिस्क १०० एमबीची होती. आज ४ टीबीची डिस्क सेकंदाला १८० एमबीने सलग वाचली तरी पुरती वाचायला सहा तासांच्या वर लागतात. रेड-५ मध्ये एक डिस्क गेली की उरलेल्या तिन्ही वाचूनच गेलेलीचा मजकूर पुन्हा तयार करावा लागतो. झेडएफएस फक्त भरलेला भाग वाचतं, एवढी सवलत. आता तुमच्या चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच कॅबिनेटच्या उकाड्यात तेवढेच तास चाललेल्या. एकीने दम तोडला त्या आठवड्यातच बाकीच्यांवर सर्वांत जास्त ताण येणार. १०^१४ बिट्समागे एक वाचनदोष, म्हणजे १२.५ टीबी वाचलं की रेड-५ कोसळणारच, असा एक प्रसिद्ध हिशोब सांगितला जातो. तो मला अतिरंजित वाटतो, कारण प्रत्यक्षातल्या डिस्क त्या आकड्यापेक्षा पुष्कळ चांगल्या वागतात. एकाच वयाच्या डिस्कचा धोका मात्र खरा आहे.

शिवाय चार डिस्कमधून मिळणारे १२ टीबी तुम्हाला लागतात कुठे? ८ टीबीचा मिरर संगणकात ७.३ च्या आसपास दिसेल (कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने). पूल (झेडएफएसने डिस्क जोडून केलेली एकत्र जागा) ८० टक्क्यांपर्यंतच भरायचा असं धरलं तरी आजच्या डेटाच्या जवळजवळ दुप्पट जागा झाली. मिररमध्ये एक डिस्क गेली तर दुसरीवर संपूर्ण प्रत असते, नवी भरताना फक्त तीच वाचली जाते. जागा संपली की आणखी दोन डिस्कची जोडी त्याच पुलाला जोडता येते. आणि बोर्ड जळाला तर दोनपैकी कुठलीही एकच डिस्क उबुंटूच्या पीसीला लावून पूल उघडता येतो. रेड-झेडमध्ये (झेडएफएसची रेड-५ सारखी जोडणी) एकेक डिस्क वाढवायची सोय ओपनझेडएफएस २.३ पासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून आली आहे, ती चांगलीच आहे. पण ३ टीबीच्या घराला तिची गरज नाही.

दोन डिस्कचा आणखी एक फायदा तुमच्या डेस्कटॉपशी बांधलेला आहे. ऑफिसच्या बुटक्या कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्क एक, फार तर दोन बसतात. एसएमपीएसही (पीसीला वीज पुरवणारा डबा) अनेकदा कंपनीच्या वेगळ्याच कनेक्टरचा असतो, त्यामुळे बाजारातला दुसरा लावता येत नाही आणि डिस्कला वीज देणाऱ्या साटा पॉवरच्या वायरी मोजक्याच मिळतात. मग लोक मोलेक्स या जुन्या पद्धतीच्या प्लगवरून साटा काढणारं स्वस्त अडॅप्टर लावतात. त्यातलं ओतीव प्लास्टिकच्या टोकाचं अडॅप्टर अजिबात घेऊ नका. आतल्या वायरी एकमेकींना टेकून ती जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. घ्यावंच लागलं तर टोकात वायरी वेगवेगळ्या दाबून बसवलेलं घ्या.

कमी विजेवर चालणारा, इंटेलच्या एन-१०० प्रोसेसरचा नवा बोर्ड घ्यावा का, हा प्रश्न यानंतर येतोच, म्हणून हिशोब करून टाकू. जुना डेस्कटॉप दोन डिस्कसह निवांत असताना ३५ वॅट खातो असं धरा. वर्षाला साधारण ३०७ युनिट. एन-१०० वर तेच २० वॅटमध्ये झालं तर १७५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला तेराशे रुपयांची बचत. नवा बोर्ड, रॅम आणि कॅबिनेटचे पैसे त्यातून सुटायला फार वर्षं लागतील. आहे ते मशीन वापरा, वाचलेले पैसे तिसऱ्या डिस्ककडे वळवा.

नागपूर म्हटल्यावर उन्हाळ्याबद्दल बोलायलाच हवं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना स्लॅबखालच्या बंद खोलीत कॅबिनेटमधली डिस्क सहज ५० च्या पुढे जाते. उत्पादक ६० अंशांपर्यंत चालेल असं लिहितात, पण मी ४५ ला सावध होतो आणि ५० ला हस्तक्षेप करतो. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, थेट डिस्कवर हवा मारणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. मशीन खालच्या मजल्यावर, घरातल्या थंड भिंतीशी ठेवा, पण डेझर्ट कूलरच्या झोतात नको. ती हवा दमट असते आणि गवताचे कणही सोबत आणते. बोर्डावर ओलसर धुळीचा थर बसला की कुठलं सॉफ्टवेअर घातलंय याला काही अर्थ उरत नाही. एप्रिलच्या आधी आणि पावसाळ्यानंतर कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा.

आता वीज. अचानक लाइट गेली तर झेडएफएसची रचना मोडत नाही, कारण ते जुन्या मजकुरावर कधीच लिहीत नाही. नवा मजकूर नव्या जागी लिहून झाला की मगच खूण हलवतं. शेवटच्या काही सेकंदांचं लिखाण तेवढं जातं. खरा घात होतो तो लाइट परत येताना उसळणाऱ्या व्होल्टेजने, आणि पाच मिनिटांत तीनदा गेली-आली की. म्हणून लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तर सावरून घेणारा) यूपीएस घ्या, आणि घेताना त्याला यूएसबी डेटा पोर्ट आहे हे पाहूनच घ्या. सर्वांत स्वस्त मॉडेलांत तो नसतो. त्या पोर्टमुळे बॅटरीवर पाच मिनिटं झाली की मशीन स्वतःहून नीट बंद होतं, ही सोय ट्रूनॅसमध्ये आधीपासून आहे. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस टाळू नका. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर वीज बदलून येईपर्यंत पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर काही यूपीएस ती वीज वीजच मानत नाहीत आणि आपली बॅटरी संपवत बसतात, तेव्हा साइन वेव्ह असल्याची खात्री करा. एकदा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगही तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेला मागे काहीच जोडलेलं नसतं.

डिस्क घेताना दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली, डिस्क सीएमआर (पट्टे शेजारी-शेजारी लिहिणाऱ्या) पद्धतीचीच हवी. एसएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर चढवून लिहितात, त्यामुळे एक पट्टा बदलायला शेजारचे पुन्हा लिहावे लागतात, आणि मिरर पुन्हा भरताना असली डिस्क गुडघे टेकते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, नॅससाठी (नेटवर्कवरच्या स्टोरेज सर्व्हरसाठी) म्हणूनच विकल्या जाणाऱ्या रेड (लाल, रेड-५ मधलं नव्हे) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या आणि मोठा गहजब झाला. त्यानंतर सीएमआर डिस्क रेड प्लस नावाने वेगळ्या झाल्या. दुसरी गोष्ट, डिस्क खरोखर नवी आहे का. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या हजारो तास चाललेल्या डिस्क स्मार्टच्या नोंदी (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. खरे तास डिस्कमधल्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत शाबूत होते, म्हणून ते पकडलं गेलं. तेव्हा डिस्क हातात पडली की सिरीयल नंबर उत्पादकाच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतातली आहे का, किती उरली आहे, ते पाहा. दोन डिस्क दोन वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या तर एकाच लॉटच्या निघण्याची शक्यता कमी होते.

मग डेटा टाकण्याआधी स्मार्टची लांब चाचणी चालवा. ८ टीबीला अर्धा दिवस ते एक दिवस लागतो, लागू द्या. निकालात चार क्रमांकांच्या ओळी बघायच्या: ५, १९७, १९८ (खराब किंवा संशयित जागा) आणि १९९ (डेटा ने-आण करतानाच्या चुका). पहिल्या तिन्हींत शून्याशिवाय काहीही दिसलं तर नवी डिस्क त्याच दिवशी परत करा. १९९ वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क निर्दोष असते आणि साटा केबल सैल किंवा खराब असते. केबल बदलायची, डिस्क नाही.

सॉफ्टवेअरकडे आता येऊ, आणि तुम्ही लिहिलेली तिन्ही नावं त्या चार प्रश्नांवर घासून पाहू.

अनरेड पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर आहे. त्याचं मोठं बळ म्हणजे वेगवेगळ्या मापांच्या जुन्या डिस्क एकत्र चालतात. पॅरिटीची (गेलेल्या डिस्कचा मजकूर पुन्हा तयार करायला लागणाऱ्या हिशोबाची) डिस्क मात्र सर्वांत मोठ्या डिस्कएवढी तरी लागते. प्रत्येक डिस्कवर स्वतंत्र फाइल सिस्टम असते, त्यामुळे वाचवता येणार नाहीत इतक्या डिस्क एकदम गेल्या तरी उरलेल्यांवरचा डेटा वाचता येतो. घरात २, ३, ६ टीबीच्या पाच-सहा डिस्क पडून असतील आणि त्यावर सिनेमे ठेवायचे असतील तर मी अनरेडच सुचवलं असतं. तुम्ही नव्या डिस्क घेणार आहात, तेव्हा त्याचं मुख्य कारणच उरत नाही.

ओपनमीडियाव्हॉल्ट डेबियन लिनक्सवर उभं आहे, हलकं आहे, ४ जीबीच्या मशीनवर किंवा रास्पबेरी पायवरही सुखाने चालतं. मला ते मनापासून आवडतं. पण झेडएफएस त्यात वेगळ्या प्लगइनने येतं, आणि स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली अवस्था), स्क्रब (सगळ्या डेटाची तपासणी), ईमेल-सूचना यांची घडी आपल्यालाच बसवावी लागते. ज्याला टर्मिनलची भीती नाही त्याला हरकत नाही. अनेक डिस्क एक करून दाखवणारं मर्जरएफएस आणि त्यांची पॅरिटी ठेवणारं स्नॅपरेड ही जोडी त्यावर छान चालते, पण स्नॅपरेडची पॅरिटी तुम्ही सिंक कराल त्या क्षणाची असते. रोज नवे फोटो येत असतील तर मधल्या वेळेतले फोटो उघडे राहतात.

ट्रूनॅस म्हणजे २००५ मध्ये सुरू झालेलं फ्रीनॅस, आता फ्रीबीएसडीवरून लिनक्सवर आलेलं. झेडएफएस त्याच्या गाभ्यात आहे. डिस्क आजारी पडली की ईमेल येतो, त्यात तिचा सिरीयल नंबर असतो, आणि डिस्क बदलण्याचं काम ब्राउझरमधल्या तीन-चार क्लिकमध्ये होतं. त्या चारही प्रश्नांना याच्याकडे सर्वांत सोपी उत्तरं आहेत, म्हणून हे. त्याची अट एवढीच की त्याला स्वतःची छोटी एसएसडी पूर्ण द्यावी लागते आणि त्याच्या पोटात शिरून हवी ती पॅकेजेस घालायची नसतात. डिस्क बसवल्याबरोबर दोन्हींच्या सिरीयल नंबरची चिठ्ठी समोरून दिसेल अशी चिकटवा. चांगली डिस्क उपसून काढून आजारी आत ठेवणं हा प्रकार घाईत सहज घडतो.

बाजारात मिळणारी तयार नॅसची पेटी का नाही, असंही कुणी विचारेल. वेळ नसलेल्या माणसाला मी ती सुचवतोही. पण पेटी घेतली की कंपनीच्या धोरणाशी बांधले जाता. सिनॉलॉजीने २०२५ मध्ये प्लस मालिकेच्या नव्या मॉडेलांत ठरावीक डिस्कच चालतील अशी अट घातली आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच वर्षी सैल केली. तुमच्या डेस्कटॉपला अशी अट कुणी घालू शकत नाही.

ईसीसी रॅमबद्दलची भीती मात्र काढून टाका. ईसीसी असेल तर उत्तमच, कुठल्याही फाइल सिस्टमसाठी. पण ईसीसी नसेल तर झेडएफएस इतरांपेक्षा जास्त धोकादायक ठरतं हे खरं नाही. झेडएफएसच्या मूळ निर्मात्यांपैकी मॅथ्यू आरेन्स यांनीही हेच स्पष्ट केलं आहे. तुमच्या आय-५ वर ईसीसी चालतच नाही. म्हणून मेमटेस्ट रात्रभर चालवून रॅम निर्दोष असल्याची खात्री करा आणि पुढे चला. एक टीबीला एक जीबी रॅम हा नियमही घराला लागू नाही. १६ जीबी मी फोटोंच्या ॲपसाठी सांगतोय.

झेडएफएस एवढं का धरून बसलोय? कारण फोटो हा डेटा दहा-दहा वर्षं कुणी उघडत नाही. साध्या एनटीएफएस किंवा ईएक्सटी-४ वर एखादा बिट चुपचाप बदलला तर ते कुणालाच कळत नाही, आणि तोच बिघडलेला फोटो बॅकअपमध्येही जातो. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतं, वाचताना ताडून बघतं आणि मिररमधल्या चांगल्या प्रतीवरून बिघडलेली दुरुस्त करतं. महिन्यातून एकदा स्क्रब लावला की न उघडलेल्या फोटोंचीही तपासणी होते.

पुलाची मांडणी साधी ठेवा. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं आणि ॲप्स असे चार डेटासेट (पुलातले वेगळे कप्पे). एलझेड-४ कॉम्प्रेशन चालू, डीडुप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच साठवणं) बंद, कितीही मोह झाला तरी बंद. स्नॅपशॉट दर तासाला एक दिवसभर, रोजचे महिनाभर, महिन्याचे वर्षभर. मुलाने एखादं फोल्डर उडवलं तर विंडोजमध्ये त्याच फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून कालची अवस्था परत आणता येते. आणखी एक काळजी: ट्रूनॅस अपडेट झालं की पूल अपग्रेड करा अशी सूचना येते. लगेच दाबू नका. नवी वैशिष्ट्यं चालू केली की जुनं झेडएफएस असलेल्या मशीनवर तो पूल उघडेलच असं नाही, आणि बोर्ड जळाल्याच्या दिवशी तुमच्या हाताशी उबुंटूचा जुना पेन ड्राइव्हच असेल.

फोटोंसाठी इमिच हे ॲप घाला. मोबाइलवरून आपोआप अपलोड, चेहरे ओळखणं, तारखेप्रमाणे पट्टी, सगळं घरच्याच मशीनवर. पहिल्याच दिवशी त्यातलं स्टोरेज टेम्प्लेट चालू करून फोटो वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरमध्ये पडतील असं करा. उद्या इमिच बंद पडलं तरी २०१९ सालच्या दिवाळीचे फोटो फोल्डर उघडून सापडले पाहिजेत. अल्बम आणि चेहऱ्यांची नावं त्याच्या डेटाबेसमध्ये असतात, म्हणून डेटाबेसचा डंपही (काढलेली पूर्ण प्रत) बॅकअपमध्ये घ्या. सहाव्या पिढीचा आय-५ आठ बिटी एचईव्हीसी (फोनमधला एक व्हिडिओ प्रकार) व्हिडिओ सहज हाताळतो. नव्या फोनवरच्या दहा बिटी व्हिडिओंना मात्र वेळ घेईल. रात्री करू दे.

अमरावतीसाठी राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच कनेक्शनवर सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) असल्याने ते चालणारही नाही, आणि चाललं तरी करू नये. २०२१ मधलं क्यूलॉकर आणि २०२२ मधलं डेडबोल्ट या दोन्ही खंडणीच्या हल्ल्यांत इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या पेट्या सापडल्या. टेलस्केल घाला, म्हणजे तुमच्याच उपकरणांमधलं खासगी जाळं. ते वायरगार्ड या व्हीपीएनवर चालतं, सीजीनॅटमधून वाट काढतं, घरगुती वापराला फुकट आहे. आईवडिलांच्या फोनवर टेलस्केल आणि इमिच ही दोन ॲप तुम्ही स्वतः जाऊन बसवून द्या, फोनवरून समजावत बसू नका.

बॅकअपवर मी सर्वांत जास्त अडून बसतो. मिरर म्हणजे बॅकअप नाही. चुकून डेटासेट उडवला, घरात पाणी शिरलं, चोरी झाली, एसएमपीएसने जाताना दोन्ही डिस्क नेल्या, यातल्या कशातही मिरर वाचवत नाही. तिसरी डिस्क अमरावतीला एखाद्या छोट्या जुन्या पीसीला लावा आणि टेलस्केलवरून रात्री रेस्टिक या बॅकअप सॉफ्टवेअरने बॅकअप पाठवा. रेस्टिक डेटा पाठवण्याआधीच कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करतं, त्यामुळे दुसऱ्याच्या घरात असलेली ती डिस्क चोरीला गेली तरी फोटो उघडणार नाहीत. पहिली प्रत मात्र नागपुरातच डिस्कवर भरून घेऊन जा. अपलोड १०० एमबीपीएस पूर्ण मिळालं तरी ३ टीबीला ६७ तास लागतात, ३० मिळालं तर नऊ दिवसांच्या वर.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर तो बॅकअप कुणालाच उघडता येत नाही, तुम्हालाही नाही. तो कागदावर लिहा आणि विम्याच्या पॉलिसी ज्या फाइलीत असतात तिथे ठेवा, सोबत एक पान: मशीन कुठे आहे, बंद कसं करायचं, बॅकअप कुठे आहे, कुणाला फोन करायचा. हे पान घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या आणि त्याला न समजलेली वाक्यं पुन्हा लिहा.

क्रम असा ठेवा: आधी यूपीएस आणि अर्थिंग, मग मेमटेस्ट, डिस्कच्या चाचण्या, ट्रूनॅस, रिकामा मिरर. मग रिकाम्या मिररवर मुद्दाम एक डिस्क काढून बघा: ईमेल येतो का, सिरीयल नंबर बरोबर आहे का, पुन्हा जोडल्यावर मिरर सावरतो का. त्यानंतरच एकेका एक्स्टर्नल डिस्कवरचे फोटो आत घ्या. अमरावतीची प्रत पूर्ण झाली की तिच्यातून पन्नास-शंभर फोटो दुसऱ्याच लॅपटॉपवर परत आणून उघडून पाहा. ते उघडेपर्यंत जुन्या चार डिस्कपैकी एकही पुसायची नाही.